हाकेला ओ

रात्रीचे अडीच वाजले होते. धाकटी बहीण विमानात होती आणि मी फोनवरच्या नकाशात तिच्या विमानावर नजर ठेवून बसले होते. इवलंसं पिवळं विमान, त्याच्यामागे लांबत जाणारी रेघ. बोट ठेवलं की उंची, वेग, निघालं कुठून, चाललंय कुठं, सगळं हजर. किनारा मागे पडला, पाणी सुरू झालं आणि थोड्या वेळानं सलग रेघ तुटक झाली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अंदाजे स्थान' असं आलं. आणखी काही वेळानं विमानच गायब.

अशा वेळी शहाणी माणसं झोपतात. मी मामाला फोन लावला.

मामा निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक. नोकरीची सगळी वर्षं त्यानं अंधाऱ्या खोलीत, पडद्यासमोर, कानाला हेडसेट लावून काढली. त्याच्या घरात अजूनही कुणी नुसतं 'हो' म्हणून चालत नाही. 'साडेसातला निघायचंय' असं तो म्हणाला की समोरच्यानं 'साडेसातला निघायचंय' असं पूर्ण म्हणून दाखवायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं, त्याला कमी ऐकू येतं. या सवयीला रीडबॅक म्हणतात आणि ती धंद्यातून घरात आली आहे, हे फार उशिरा कळलं. तर मामानं दुसऱ्या रिंगला फोन उचलला, माझी सगळी घालमेल ऐकून घेतली आणि विचारलं, "मला एक सांग. आत्तापर्यंत तुला ते विमान दिसत होतं, की ते विमान तुला स्वतःबद्दल सांगत होतं?"

"म्हणजे?"

"फरक आहे दोन्हींत. झोप आता. पलीकडच्या किनाऱ्याजवळ गेलं की परत बोलायला लागेल ते."

झोप कसली येतेय! पण तो प्रश्न मात्र डोक्यात रुतून बसला. पुढचे कित्येक महिने मी मामाला पिडलं, मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

रडार पाहतं असं आपण म्हणतो. खरं तर ते हाळी घालतं आणि कान देऊन बसतं. डोंगरासमोर उभं राहून ओरडावं तसं. आवाज जातो, कड्यावर आपटतो, परत येतो. किती वेळानं आला यावरून अंतर कळतं आणि तोंड कुठं करून ओरडलो होतो यावरून दिशा. इथं ओरडणं रेडिओलहरींचं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानं जाणारं, एवढाच फरक. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ हे करून पाहिलं. लहरी सोडायला वेगळं यंत्रसुद्धा नव्हतं, बीबीसीच्या प्रक्षेपण केंद्राच्याच लहरी त्यांनी उसन्या घेतल्या. वर हेफर्ड जातीचं एक बॉम्बर विमान फिरत होतं. त्याच्यावरून उलटून आलेल्या लहरींनी खालच्या यंत्रावरचा ठिपका हलला आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

पण प्रतिध्वनीला स्वतःचं असं काही सांगायचं नसतं. तो आपलाच आवाज, फक्त उष्टा होऊन आलेला. पडद्यावरचा ठिपका 'इथं काहीतरी आहे' एवढंच म्हणतो. ते काहीतरी म्हणजे विमान की पावसाचा ढग, एक हजार फुटांवर आहे की तीस हजार, आपलं की परक्याचं, याबाबत तो मुका. युद्धाच्या काळात ब्रिटिश रडारवाल्यांना पडद्यावर असे ठिपके दिसायचे की त्या जागी विमान म्हणून नसायचं. त्यांनी त्यांचं नाव 'एंजल्स' ठेवलं. हे देवदूत पुढे पक्ष्यांचे थवे निघाले.

शिवाय ठिपका कायम मागचाच. रडारची थाळी गोल फिरते. विमानतळाजवळच्या रडारला एक फेरी घ्यायला चार-पाच सेकंद लागतात, लांब पल्ल्याच्या रडारला दहा-बारा. तेवढ्यात जेट विमान तीन किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. "आम्ही विमानं बघत नव्हतो गं," मामा म्हणाला, "ती कुठं होती ते बघत होतो."

"मग कुठला ठिपका कुणाचा हे कळायचं कसं?"

"वळायला सांगून."

मला वाटलं थट्टा करतोय. पण ही खरंच पद्धत आहे, नियमपुस्तकात लिहिलेली. एखादं विमान रेडिओवर बोलतंय, पडद्यावर सातआठ ठिपके आहेत. नियंत्रक त्याला सांगतो, डावीकडे वळा, किमान ३० अंश. आणि मग फेऱ्या मोजत पडद्याकडे बघत बसतो. आठांतला जो ठिपका वळतो, तो तो. नुकत्याच उडालेल्या विमानाला एवढा व्याप लागत नाही. धावपट्टीच्या टोकापासून मैलभराच्या आत ठिपका उगवला आणि त्याच क्षणाला 'आम्ही उडालो' असा आवाज आला तर संशयाला जागा नसते. आणि ओळख एकदा पटली की ती हातातून सुटू द्यायची नाही. पुढच्या नियंत्रकाकडे विमान सोपवताना ओळखही सोपवायची, शेजारीच बसला असेल तर पडद्यावर अक्षरशः बोट ठेवून.

मला ही वळायला सांगण्याची रीत फार आवडली. गर्दीत लांबून आपलं माणूस दिसल्यासारखं वाटतं, खात्री नसते, आपण फोन करून म्हणतो, 'जरा हात वर कर.' कुणाचा हात वर होतो ते बघायचं. ओळखण्यासाठी समोरच्यानं काहीतरी करावं लागतं. नुसतं निरखून भागत नाही.

"आणि त्याच वेळी दुसराच कुणी वळला तर?"

"तर परत वळवायचं. उलटीकडे." हे सांगताना मामाचा चेहरा असा होता की अशी पाळी त्याच्यावर आली असणार, पण त्यानं ते सांगितलं नाही.

हात वर करण्याचं काम यंत्राकडे आलं ते युद्धामुळे. रडार होतं, पण येणारे ठिपके शत्रूचे की मोहिमेवरून परतणारे आपलेच, हे कळणं जिवावरचं होतं. मग आपल्या विमानांत एक छोटा रेडिओ बसवला. खालून रडारची हाक आली की तो आपणहून उत्तर पाठवायचा. ब्रिटिशांनी या यंत्राला सांकेतिक नाव दिलं होतं 'पॅरट'. पोपट. पोपट जे करतो त्याला इंग्रजीत स्क्वॉक म्हणतात, आणि आजही जगभरातले नियंत्रक वैमानिकाला क्रमांक देताना 'स्क्वॉक अमुक अमुक' असंच म्हणतात. युद्ध संपलं, नावं बदलली, यंत्र ट्रान्सपॉन्डर झालं, पण पोपट काही उडाला नाही.

आपल्या भाषेत याला साधा शब्द आहे. ओ देणं. जुन्या रडारला प्रतिध्वनी ऐकू यायचा, नव्याला ओ ऐकू येते. फिरत्या थाळीच्या डोक्यावर दुसरा अँटेना बसवलेला असतो, तो १०३० मेगाहर्ट्झवर विचारतो, 'कोण?' विमान १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतं. विचारायची वाट वेगळी, सांगायची वेगळी, म्हणजे आपल्याच प्रश्नाच्या प्रतिध्वनीशी उत्तराची गल्लत होत नाही. शिवाय प्रतिध्वनी जाऊन परत येईपर्यंत पार विरून गेलेला असतो, ओ मात्र समोरच्याच्या ताज्या दमाची असते. त्यामुळे ती लांबून ऐकू येते.

उत्तरात चार आकडे असतात. हे आकडे नियंत्रकच देतो, त्या एका उड्डाणापुरते. गंमत अशी की त्यांत ८ आणि ९ कधीच नसतात. उत्तर म्हणजे बारा स्पंदनांची जागा, प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तीन, आणि तीन दिव्यांच्या चालू-बंद अवस्था होऊन होऊन किती होणार? आठ. शून्य ते सात. आठाचा चार वेळा गुणाकार केला की ४०९६, एवढेच क्रमांक साऱ्या जगाला. विमानं त्याहून कितीतरी जास्त, म्हणून क्रमांक फिरते राहतात. एकाचं उड्डाण संपलं की दुसऱ्याला.

यातले काही राखीव आहेत. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे विमान कुणीतरी बळकावलं आहे. गोल खटके फिरवून आकडे लावायचे त्या काळात वैमानिकांना बजावलेलं असे की एका क्रमांकावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत चुकूनही यांतला एखादा लागू देऊ नका. आणि तरीही शंका राहिलीच तर नियंत्रक म्हणतो, 'स्क्वॉक आयडेंट'. वैमानिक एक बटण दाबतो आणि काही सेकंद त्याचा ठिपका पडद्यावर उजळून उठतो. हात वर करणंच ते, फक्त त्यासाठी आता विमान वळवावं लागत नाही.

पण ओळखीइतकीच, किंबहुना जास्त मोलाची गोष्ट या उत्तरातून आली ती म्हणजे उंची. विमानातला ट्रान्सपॉन्डर उंचीमापकाशी जोडलेला असतो आणि शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांत उंची सांगतो. हे ऐकायला तांत्रिक आणि कोरडं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग मामानं एक तारीख सांगितली.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ संध्याकाळी उडालं होतं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीला उतरायला येत होतं. येण्याजाण्याचा मार्ग एकच. चढणाऱ्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं, उतरणाऱ्याला १५,००० वर. मध्ये हजार फूट, नियमाप्रमाणे पुरेसे. त्या वेळी तिथल्या नियंत्रकासमोर प्राथमिक रडारच होतं, प्रतिध्वनीचं. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते आणि ते सरकायलाच हवे होते. एक दुसऱ्याच्या वरून जाणार होता. पडद्यावर ते एकावर एक आले असते, मग सुटे झाले असते. नियंत्रकानं येणाऱ्या विमानाला समोरच्या विमानाची सूचनाही दिली होती. पण १५,००० वर राहायचं ते विमान घसरत घसरत १४,००० च्या आसपास आलं होतं आणि हे त्याच्या ठिपक्यात कुठंच उमटत नव्हतं. चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं कोसळली. ३४९ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

चौकशीत बोट कझाक विमानाकडे गेलं, ते दिलेली उंची सोडून खाली आलं होतं. पुढे दुय्यम रडार, म्हणजे ओ ऐकणारं, आलं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. ही यंत्रणा म्हणजे विमानांनी एकमेकांच्या ट्रान्सपॉन्डरला घातलेल्या हाकाच. त्या दिवशी मामा दुसऱ्या विमानतळावर ड्युटीवर होता. "त्या रात्री आम्ही सगळेच," तो म्हणाला, "आपापल्या पडद्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होतो. ठिपके तेच होते."

तर विमानाला नावं किती? माणसासारखीच, बरीच. शेपटीजवळ रंगवलेली अक्षरं म्हणजे कागदोपत्री नाव, देशाच्या नोंदवहीतलं. रेडिओवर हाक मारायचं नाव निराळंच. ब्रिटिश एअरवेजचं विमान 'स्पीडबर्ड', एअर लिंगसचं 'शॅमरॉक', इंडिगोचं 'आयफ्लाय', पुढे उड्डाणाचा क्रमांक. स्क्वॉकचे चार आकडे म्हणजे प्रवासापुरतं मिळालेलं बिल्ल्यावरचं नाव. आणि या सगळ्यांखाली एक पाळण्यातलं नाव असतं, २४ बिटांचं. नोंदणी करणारा देश ते देतो. असे पत्ते १ कोटी ६७ लाखांहून जास्त आहेत, त्यामुळे दोघांचं एकच असं होत नाही. हे नाव कळल्यावर रडारला 'कोण कोण आहे तिथं?' असं सगळ्यांना एकदम विचारून गलका करायची गरज उरली नाही. नाव घेऊन एकेकाला विचारता येतं.

आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की विचारायचं तरी कशाला? विमानाला उपग्रहांमुळे आपली जागा नेमकी माहीत असते. त्यानंच ती आपणहून सांगत राहावी. याला एडीएस-बी म्हणतात. विमान सेकंदाला साधारण दोनदा, हाक येवो न येवो, 'मी अमुक, मी इथं, मी एवढ्या उंचीवर' असं सांगत जातं. ऐकायला मोठी थाळी लागत नाही, तळहाताएवढं यंत्र पुरतं. हौशी लोकांनी अशी यंत्रं घराच्या गच्चीवर लावली, इंटरनेटनं जोडली आणि त्यातून माझ्या फोनमधला नकाशा तयार झाला. त्या रात्री मी कुठलंही रडार पाहत नव्हते. शेकडो अनोळखी लोकांच्या गच्च्यांवर पडलेलं विमानाचं बोलणं मी ऐकत होते. मामाचा प्रश्न तो होता.

पण जमिनीवरून हे बोलणं ऐकू यायला विमान क्षितिजाच्या वर असावं लागतं. उंचावरचं विमान साधारण ४०० किलोमीटरपर्यंत ऐकू येतं, पुढे पृथ्वीची पाठ आडवी येते. आणि समुद्रात गच्च्या नसतात. महासागरावर तर नियंत्रकांनाही वर्षानुवर्षं काही दिसत नव्हतं. वैमानिक ठराविक जागांवरून वेळ आणि उंची कळवायचा, पुढच्या जागी कधी पोहोचेन तेही सांगायचा, आणि खालचा माणूस कागदाच्या पट्ट्यांवर हिशेब मांडून विमानांत भरपूर अंतर ठेवायचा. न दिसणाऱ्या विमानांची वाहतूक! २०१९ पासून इरिडियम नावाच्या कंपनीच्या उपग्रहांवर बसवलेली यंत्रं समुद्रावरचं बोलणंही ऐकू लागली आहेत. माझ्या फोनपर्यंत मात्र ते पोहोचत नव्हतं, एवढाच त्या रात्रीचा गुंता.

सगळं ओ देण्यावर आलं, म्हणजे ओ थांबली की काय, हा प्रश्न आलाच. ८ मार्च २०१४ च्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच-३७० हे विमान, २३९ माणसं. नियंत्रकाला 'गुड नाइट' म्हणून झालं आणि दोन मिनिटांत ट्रान्सपॉन्डर गप्प. नागरी पडद्यावरून विमान पुसलं गेलं. लष्कराच्या जुन्या पद्धतीच्या रडारनं ते वळताना टिपलं, मुक्या ठिपक्याच्या रूपात. पुढे तेही संपलं. पण त्या विमानात उपग्रहाशी संपर्क ठेवणारा एक संच होता. तासाभरात काही बोलणं झालं नाही की जमिनीवरचं केंद्र उपग्रहामार्फत विचारायचं, आहेस का? आणि तो संच उत्तर द्यायचा, आहे. सकाळी आठ वाजून गेल्यावरही उत्तर आलं होतं. कुठं आहे हे त्यात नव्हतं, फक्त आहे. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून हिंदी महासागरावर कमानी काढल्या गेल्या आणि शोध त्या कमानींवर चालला.

उलटंही घडतं आणि मला ते जास्त छळतं. ३ जुलै १९८८ रोजी इराण एअरचं उड्डाण ६५५ बंदर अब्बासहून दुबईला निघालं. ट्रान्सपॉन्डर चालू होता, नागरी क्रमांक पाठवत होता, विमान चढत होतं. आखातातल्या विन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेवर मात्र ते लढाऊ एफ-१४ समजलं गेलं. नौकेवरच्या एका यंत्राचा रोख अजून बंदर अब्बासच्या विमानतळावरच होता, तिथून आलेलं लष्करी उत्तर या ठिपक्याला चिकटवलं गेलं. चढणारं विमान खाली सूर मारतंय असं खोलीत सांगितलं गेलं. यंत्रांच्या नोंदी बरोबर होत्या, माणसांनी ऐकलं वेगळं. इशाऱ्याचे पुकारे झाले ते 'अनोळखी विमान' असे. आपल्यालाच हाक मारताहेत हे कळायला कुणी नाव तर घ्यायला हवं! २९० माणसं गेली. ओ दिली होती, व्यवस्थित दिली होती.

मामाकडे हा विषय काढला तर तो फार बोलत नाही. एकदाच म्हणाला, "ओळख पटली असं वाटणं आणि पटणं, यात एक फेरी तरी जाऊ द्यावी."

आता तर खोटी ओ देण्याचे प्रकारही सुरू झाले आहेत. युद्धग्रस्त भागांजवळ उपग्रहांचे संदेश बिघडवले जातात, विमानाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं आणि तेच ते प्रामाणिकपणे जगाला सांगत सुटतं. म्हणून जुनी थाळी अजून फिरते आहे. तिला कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही, तिला फक्त आपटून परत यायला काहीतरी लागतं.

बहिणीचं विमान त्या पहाटे साडेपाचला पलीकडच्या किनाऱ्याजवळ पुन्हा बोलायला लागलं. बोट ठेवलं तर बाकी तपशिलांखाली चार आकडे होते. तेव्हा त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण रात्रभर जागून हाती काहीतरी लागलं म्हणून मी ते वहीत लिहून ठेवले. पुढे मामाच्या शिकवणीनंतर एका संध्याकाळी नकाशा उघडला असता तेच चार आकडे एका मालवाहू विमानावर दिसले. भलतीच कंपनी, भलतीकडे चाललेलं, आणि नेमकं माझ्याच डोक्यावरून. गॅलरीत धावले, पण वर ढग होते, नुसता आवाज आला.

मामाला फोन करून सांगितलं.

"नंबर परत सांग," तो म्हणाला.

"तीन, सहा, दोन, पाच."

"करेक्ट," म्हणाला आणि फोन ठेवला.